पंचाचें बोट

परवां रविवारीं संध्याकाळीं आमच्या घरांत क्रिकेटचा सामना चालला होता. म्हणजे खेळणारे होते दूर कोठें तरी. पण त्यांचा सारा गलका आमच्या दिवाणखान्यांत होता. टीव्हीसमोर माझा बारा वर्षांचा नातू मांडी ठोकून बसला होता. त्याच्या मागें त्याचा बाप, म्हणजे माझा मुलगा, वर्तमानपत्र चाळीत होता. आणि मी आरामखुर्चीवर डोळे मिटून, पण कान उघडे ठेवून पडलों होतों. एकाएकीं नातवानें मांडीवरची उशी जमिनीवर आपटली आणि तो ओरडला, "हा अंपायर विकलेला आहे!"

मीं डोळे उघडले. आमच्या एका फलंदाजाला पायचीत दिलें होतें. त्यानें फेरविचार मागितला, यंत्रानें चेंडूचा मार्ग रंगीत रेषेनें काढून दाखविला, आणि त्या मार्गानें चेंडू यष्टीच्या कडेला जेमतेम घासून जात होता. अशा वेळीं यंत्र आपला हेका धरीत नाहीं. पंचानें आधीं जें ठरविलें असेल तेंच कायम राहतें. पंचानें आधीं बाद म्हटलें होतें, म्हणून बाद. त्यानें नाबाद म्हटलें असतें तर त्याच चेंडूवर, त्याच रेषेवर, तो गडी नाबाद ठरला असता. बारा वर्षांच्या न्यायबुद्धीला हें पटणें कठीणच!

माझ्या मुलानें वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतांच म्हटलें, "विकलेला वगैरे कांही नसतो रे. माणूस आहे. चुकतो कधी कधी."

वाक्य अगदीं साधें होतें. परंतु तें बोलतांना त्यानें माझ्याकडे पाहिलें नाहीं, आणि मींहि त्याच्याकडे पाहण्याचें टाळलें. पंचवीस वर्षांपूर्वीं एका सामन्यांत मी पंच म्हणून उभा होतों आणि मीं बोट वर केलें होतें. समोर बॅट घेऊन जो उभा होता तो हाच माझा मुलगा. त्या बोटाविषयीं आम्हां बापलेकांत आजवर एकदांहि बोलणें झालेलें नव्हतें.

पंच हा शब्द आपल्या भाषेंत मोठ्या मानाचा आहे. पांचामुखीं परमेश्वर, असें म्हणत आपले पूर्वज पारावर बसून शेताच्या बांधापासून घराच्या भिंतीपर्यंतचे सारे तंटे तोडीत आले. पण त्या म्हणींत एक खुबी आहे. तिनें परमेश्वर पाहिला तो पांचांच्या मुखीं, एकाच्या नव्हे. क्रिकेटनें मात्र पांचांचें काम एका माणसाच्या गळ्यांत घातलें. वेगवान गोलंदाजाचा चेंडू त्याच्या हातांतून सुटून फलंदाजापाशीं पोंचावयास सुमारें अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळांत चेंडू कोठें पडला, किती वळला, आधीं बॅटला लागला कीं पायाला, आणि पाय आड आला नसता तर तो यष्टीवर गेला असता कीं नाहीं, एवढें सगळें पंचानें पाहावयाचें. शिवाय त्यानें आपण होऊन बोलावयाचें नाहीं. क्षेत्ररक्षकांनीं दाद मागितल्यावांचून पंचानें कोणाला बाद द्यावयाचें नाहीं, असा खेळाचा कायदा आहे. म्हणजे प्रत्येक निकालाआधीं अकरा माणसें त्याच्या तोंडावर ओरडणार, आणि निकालानंतर हजारों माणसें त्याच्या पाठीवर. अशा माणसाच्या हातून न्याय होतो हेंच खरें म्हणजे नवल आहे.

माझ्या तरुणपणीं पंचाला "विकलेला" म्हणण्याची रीत फारशी नव्हती. तेव्हांचा शब्द होता "घरचा." कसोटी सामना ज्या देशांत, त्याच देशाचे दोन्ही पंच, असा तेव्हांचा रिवाज होता. त्यामुळें परदेशीं गेलेला प्रत्येक संघ घरीं परततांना सामानाबरोबर एक गाऱ्हाणें घेऊन येई: आम्ही तेरा जणांविरुद्ध खेळलों. आपले खेळाडू बाहेर जाऊन आले कीं आपण हें गाऱ्हाणें ऐकून हळहळत असूं. आणि परके खेळाडू आपल्याकडून परत गेल्यावर त्यांच्या देशांत हेंच गाऱ्हाणें सांगितलें गेलें, तर तो त्यांचा रडीचा डाव असें म्हणून आपण मोकळे होत असूं.

या संशयानें भल्याभल्यांचा तोल घालविला आहे. १९८१ च्या फेब्रुवारींत मेलबर्नला सुनील गावसकरांना डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलें गेलें. चेंडू आधीं बॅटला लागला, असें गावसकरांचें म्हणणें होतें. ते इतके संतापले कीं पलीकडच्या टोकाला खेळणाऱ्या चेतन चौहानांनाहि बरोबर घेऊन ते मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेवर संघाचे व्यवस्थापक दुराणी पुढें झाले, चौहान परत फिरले, आणि सामना वांचला. तोच सामना पुढें भारतानें ५९ धावांनीं जिंकला. कित्येक वर्षांनंतर गावसकरांनीं सांगितलें कीं आपला राग निर्णयापेक्षां प्रतिपक्षाच्या तोंडून निघालेल्या शब्दांचा होता. त्यांचें हें सांगणें मीं वाचलें तेव्हां मला त्याचें विशेष कांहीं वाटलें नाहीं. परवांपासून तें मला सारखें आठवत आहे. कां, तें पुढें येईल.

१९८७ च्या डिसेंबरांत फैसलाबादला तर याहून कठीण प्रसंग गुदरला. इंग्लंडचे कर्णधार माइक गॅटिंग आणि पाकिस्तानचे पंच शकूर राणा भर मैदानांत एकमेकांवर बोटें रोखून भांडले. त्यांचें तें छायाचित्र जगभर छापलें गेलें. लेखी माफी मिळाल्यावांचून उभा राहणार नाहीं असें पंच म्हणाले, आणि कसोटीचा एक अख्खा दिवस एकहि चेंडू न टाकतां गेला. शेवटीं गॅटिंगनीं माफीची चिठ्ठी लिहून दिली. त्या दिवशीं खरें कोणाचें होतें, हा वाद मला येथें उकरावयाचा नाहीं. परंतु पंचाविषयीं एकदां संशय धरला कीं त्याचा बरोबर निर्णयहि चुकीचा दिसूं लागतो, आणि त्याची साधी चूकहि कट वाटूं लागते, एवढें त्या चित्रावरून कळतें.

या रोगावर उपाय सुचला तो सरळ होता. पंच तिऱ्हाईत असावा. १९१२ सालीं इंग्लंडमध्यें तीन देशांची स्पर्धा झाली, तेव्हां ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सामन्यांना इंग्रज पंच उभे राहिले होते. पण ती त्या स्पर्धेची सोय होती. जाणूनबुजून तिऱ्हाईत पंच बोलाविले गेले ते १९८६ सालीं, लाहोरला, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या सामन्यासाठीं. पाकिस्तानचे कर्णधार इम्रान खान यांचा तसा आग्रह होता. आणि बोलावलें कोणाला? भारतीयांना! एक व्ही. के. रामस्वामी आणि दुसरे आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. ज्या दोन देशांचें एकमेकांशीं क्वचितच सरळ बोलणें होतें, त्यांतल्या एकानें आपल्या घरचा न्याय दुसऱ्याच्या दोन माणसांवर सोंपवावा, या गोष्टीचें मला अजूनहि कौतुक वाटतें. पुढें १९९४ पासून प्रत्येक कसोटींत एक पंच तिऱ्हाईत असूं लागला, आणि २००२ पासून दोन्ही. २०२० च्या महासाथींत प्रवासच बंद पडला, तेव्हां नाइलाजानें पुन्हां घरचे पंच उभे करावे लागले. पण त्याबरोबर प्रत्येक डावांत संघाला फेरविचाराची एक संधि जास्त देण्यांत आली. घरच्या पंचाचा भरंवसा धरावा, पण एक कडी जास्त लावून घ्यावी, असा तो व्यवहार होता.

तिऱ्हाईत पंच आल्यानें संशय गेला का? २००८ च्या जानेवारींत सिडनीला भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याचे दोन्ही पंच तिऱ्हाईतच होते. एक जमैकाचे स्टीव्ह बकनर, दुसरे इंग्लंडचे मार्क बेन्सन. तरी त्या सामन्यांतल्या चुकांवरून आपल्या देशांत केवढें रान उठलें! पुढच्या पर्थच्या सामन्यांतून बकनरना काढून बिली बाउडेनना उभें केलें, तेव्हां कोठें लोक थोडे शांत झाले. शंभराहून अधिक कसोटी सामन्यांत उभ्या राहिलेल्या या माणसानें २०२० सालीं त्या सामन्यांतल्या आपल्या दोन चुका उघडपणें मान्य केल्या. ज्याच्या मनांत कोणाचा पक्ष नाहीं तोहि चुकतो, हें साधें सत्य आपल्याला त्या वेळीं मान्य करवेना.

मग यंत्र आलें. तसें तें आधींच उंबऱ्यावर येऊन उभें होतें. १९९२ सालीं डर्बनला तिसऱ्या पंचानें पडद्यावर चित्र पाहून पहिला धावचीत दिला, तो आपला सचिन तेंडुलकर. फेरविचाराची पद्धत पहिल्यानें २००८ सालीं श्रीलंकेंत अजमावून पाहिली, तीहि भारताच्याच सामन्यांत. गंमत अशी कीं पंचांच्या चुकांवर एवढा संतापणारा आपला देश पुढें कित्येक वर्षें या यंत्रावर विश्वास ठेवावयास तयार नव्हता. भारतांतल्या कसोटी मालिकेंत ही पद्धत आली ती २०१६ सालीं. माणसावर विश्वास नाहीं म्हणून यंत्र आणावें, आणि यंत्रावर विश्वास नाहीं म्हणून माणसाकडे परत जावें. परवां माझ्या नातवानें उशी आपटली ती या येरझाऱ्यांतल्याच एका वळणावर.

पक्षपाती पंच म्हणजे लबाड पंच, अशी आपली ठाम समजूत असते. त्यानें पैसे खाल्ले असतील, नाहीं तर देशाभिमानानें डोळे झांकले असतील. असे पंच झालेच नाहींत असें मी म्हणत नाहीं. पण २००२ सालीं इंग्लंडमधील कांहीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. त्यांनीं फुटबॉलच्या चाळीस जाणत्या पंचांना एका सामन्याचें चित्रण दाखविलें आणि त्यांतल्या ४७ झटापटींचा निवाडा करावयास सांगितलें. कांहींना प्रेक्षकांचा आरडाओरडा ऐकविला. बाकीच्यांनीं तेंच चित्रण आवाज बंद करून पाहिलें. ज्यांनीं आरडाओरडा ऐकला त्यांनीं यजमान संघाविरुद्ध सुमारें पंधरा टक्के कमी दोष दिले. या पंचांना कोणी लांच दिली नव्हती. तो सामना केव्हांच संपलेला होता. ते एका खोलींत बसले होते, आणि कोणीहि त्यांचें कांहीं वाईट करणार नव्हतें. तरी केवळ ओरडण्याच्या आवाजानें त्यांचा तराजू झुकला.

पंचाला विकत घ्यावयाला पैसेच लागतात असें नाहीं. लोकांनीं आपल्याला वाईट म्हणूं नये, ही प्रत्येक माणसाच्या मनांतली इच्छा पुरेशी आहे. हें मी पुस्तकावरून बोलत नाहीं.

आमच्या वसाहतीचा आणि शेजारच्या वसाहतीचा दरवर्षीं संक्रांतीनंतरच्या रविवारीं क्रिकेटचा सामना होत असे. कडेला कापडी मंडप, त्याखालीं खुर्च्या, खुर्च्यांवर दोन्हींकडची वडीलधारी मंडळी, आणि चहाचें मोठें पातेलें. त्या वर्षीं ठरलेले पंच आदल्या रात्रीं तापानें पडले. मी कॉलेजांत शिकवीत असें, तरुणपणीं थोडाबहुत खेळलों होतों, आणि खेळाच्या नियमांचें पुस्तक माझ्या संग्रहीं होतें. एवढ्या भांडवलावर लोकांनीं मला पंच केलें. फ्रँक चेस्टर नांवाचे एक विख्यात इंग्रज पंच होते. पहिल्या महायुद्धांत त्यांचा हात गेला, तरी ते ४८ कसोटी सामन्यांत उभे राहिले, आणि षटकाचे चेंडू मोजण्यासाठीं ते खडे वापरीत. तें आठवून मीं खिशांत सहा चिंचोके घेतले. मैदानावर जातांना पलीकडच्या कर्णधारानें हंसत म्हटलें, "सर, मुलगा खेळतोय तुमचा. सांभाळून हं!" सगळे हंसले. मीहि हंसलों. पण तें हंसणें माझ्या मानेवर जें येऊन बसलें तें सामना संपेपर्यंत उतरलें नाहीं.

माझा मुलगा तेव्हां सोळा वर्षांचा होता. अखेरीस आमच्या संघाला चौदा धावा हव्या होत्या आणि दोन गडी शिल्लक होते. तो एकतीस धावांवर खेळत होता, आणि चांगला खेळत होता. त्या दिवशीं एका क्लबाचे प्रशिक्षक मुलें पाहावयास आले होते. हें त्याला माहीत होतें, आणि मलाहि.

चेंडू बाहेर पडून आंत वळला. तो पुढें झुकला. मला दोन आवाज ऐकूं आले. पहिला कोरडा, दुसरा जड. पहिला लांकडाचा, दुसरा पॅडचा. चेंडू आधीं बॅटला लागला असेल तर फलंदाज पायचीत होत नाहीं, हें नियमपुस्तकांत लिहिलेलें होतें, आणि तें मला पाठ होतें. तेवढ्यांत अकरा गळ्यांतून एकच आरोळी उठली. माझ्या कानांत दोन आवाज होते, पण माझें लक्ष त्या आवाजांवर नव्हतें. माझें लक्ष खुर्च्यांवर होतें. नाबाद म्हटलें तर त्या खुर्च्यांवर काय बोललें जाईल, तें मला अगदीं शब्दशः ऐकूं येत होतें. बोट वर गेलें.

त्यानें आधीं बॅटच्या कडेकडे पाहिलें. मग माझ्याकडे. मग बॅट कांखेंत घेऊन तो चालूं लागला. त्यानें बॅट आपटली नाहीं कीं मान हलविली नाहीं. आम्ही तो सामना नऊ धावांनीं हरलों.

सामना संपल्यावर पलीकडचा कर्णधार धांवत आला आणि त्यानें माझा हात हातांत घेतला. "सर, असा अंपायर पाहिला नाही. सख्ख्या मुलाला!" मंडपांत चहा घेतांना एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "अगदीं रामशास्त्री हो!" वाचकहो, खरें सांगतों, त्या क्षणीं मला फार सुख झालें. तें सुख मीं पुष्कळ दिवस पुरवून पुरवून खाल्लें. घरीं कोणी पाहुणे आले आणि बोलणें क्रिकेटकडे वळलें कीं मी ती गोष्ट सांगत असें. आणि बोलणें क्रिकेटकडे न वळलें तर तें वळवीत असें. त्या गोष्टींत दोन आवाज नव्हते.

रामशास्त्री प्रभुण्यांचें नांव आपल्याकडे फार सहज घेतलें जातें. नारायणराव पेशव्यांचा १७७३ सालीं खून झाला, आणि शास्त्रीबुवांनीं त्याचा दोष खुद्द सत्तेवर बसलेल्या राघोबादादांच्या माथीं ठेवला, व ते न्यायासन सोडून गेले, असें परंपरा सांगते. त्यांनीं निकाल दिला तो बलिष्ठाविरुद्ध, आणि त्याची किंमत दिली ती स्वतः. माझ्या निकालाची किंमत एका सोळा वर्षांच्या पोरानें दिली, आणि लौकिक माझ्या पदरीं पडला. रामशास्त्र्यांना रामशास्त्री म्हणवून घ्यावयाचें नव्हतें. मला तेंच हवें होतें. आपल्या माणसाला झुकतें माप देणारा पंच आणि आपल्या माणसाला मुद्दाम उणें माप देणारा पंच, हे दोघे मला पूर्वीं परस्परविरुद्ध वाटत. आतां ते सख्खे भाऊ वाटतात. दोघांचेहि डोळे चेंडूवर नसतात. ते मंडपांतल्या खुर्च्यांकडे असतात. एक आपल्या माणसांच्या शिव्यांना भितो, दुसरा परक्यांच्या.

यावर कोणी म्हणेल, कीं मग लोकलाजेपलीकडचा माणूस कोठें आढळतच नाहीं काय? आढळतो. मीं पाहिलेला आहे. १९८० च्या फेब्रुवारींत आपल्या क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडशीं एकच कसोटी सामना मुंबईस वानखेडे मैदानावर झाला, आणि मी तो पाहावयास गेलों होतों. इंग्लंडचे पांच गडी ५८ धावांत बाद झाले होते. मग इयन बोथम आणि बॉब टेलर यांची जोडी जमूं लागली. अशांत कपिल देवच्या चेंडूवर टेलरचा झेल यष्टिरक्षकानें घेतल्याचें अपील झालें, आणि पंच हनुमंत राव यांनीं बोट वर केलें. टेलर घुटमळला, चेंडू आपल्या बॅटला लागलाच नाहीं असें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतें. तेव्हां स्लिपमध्यें उभे असलेले आपले कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ पंचांपाशीं गेले आणि त्यांनीं अपील मागें घेतलें. पंचांची संमति असेल तर कर्णधाराला तसें करतां येतें. टेलर परत आला. त्या जोडीनें १७१ धावा केल्या, बोथमनें शतक काढलें आणि सामन्यांत तेरा बळीहि घेतले, आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलें.

माझ्या आजूबाजूचे प्रेक्षक चरफडत होते. अंपायरनें हातावर ठेवलेलें दान कोणी असें परत करतें काय, असा त्यांचा सवाल होता. आणि माझाहि तोच होता. विश्वनाथांना कसोटींतलें कर्णधारपद अवघ्या दोन सामन्यांपुरतें लाभलें. त्यांतला हा दुसरा. तेथें खुर्च्या पन्नास-शंभर नव्हत्या, हजारों होत्या. आणि त्या साऱ्या त्यांच्याच माणसांच्या होत्या. पण त्या क्षणीं ते चेंडू आणि बॅट यांच्यामधल्या जागेकडे पाहात होते. तेथें कांहीं घडलें नव्हतें. म्हणून कांहीं घडलें नाहीं असें त्यांनीं सांगितलें, आणि ते आपल्या जागीं जाऊन उभे राहिले.

परवां रात्रीं नातू झोंपल्यावर मीं मुलाला विचारलें, "तुला तो संक्रांतीचा सामना आठवतो?"

त्यानें वर्तमानपत्राची घडी घातली. "आठवतो."

"मला दोन आवाज ऐकूं आले होते," मी म्हणालों. एवढेंच वाक्य बोलावयास मला पंचवीस वर्षें लागलीं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खरं सांगूं का बाबा, चेंडू बॅटला लागला होता कीं नव्हता, तें आतां मला नक्की आठवत नाही. तेव्हां वाटलं होतं कीं लागला. पण बाद दिलंत त्याचं कांही नाही. अंपायर चुकतोच." पुन्हां थोडें थांबून तो म्हणाला, "तुम्ही तें सगळ्यांना सांगत होतात. पाहुणे आले कीं मी आंतल्या खोलींत जाऊन बसायचों."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. पुढल्या वर्षीं त्यानें खेळ सोडला होता. बारावीचा अभ्यास आहे, असें तो म्हणाला होता, आणि मीं तें खरें मानलें होतें. तें खरें असेलहि. परवां मीं तो प्रश्न विचारला नाहीं.

मला त्या क्षणीं मेलबर्नचे गावसकर आठवले. निर्णय सोसतां येतो. त्याच्याभोंवतालचे शब्द सोसवत नाहींत. चेंडूचा मार्ग रेषेनें काढून दाखविणारीं यंत्रें आतां आलीं आहेत. त्यांच्यामुळें खेळांतला पुष्कळ अन्याय टळतो, आणि तीं आलीं हें चांगलेंच झालें. तिऱ्हाईत पंच आले हेंहि चांगलें झालें. त्याचें कारण मात्र मीं पूर्वीं समजत होतों तें नव्हे. घरचा पंच लबाड असतो म्हणून तिऱ्हाईत आणावयाचा नाहीं. घरच्या पंचाच्या कानांत मंडपांतल्या खुर्च्या बोलत असतात, आणि त्यांचें न ऐकण्याइतका बळकट माणूस आपण असूंच अशी खात्री कोणालाहि देतां येत नाहीं, म्हणून आणावयाचा. त्यांत पंचाचा अपमान नाहीं. त्याच्यावर उपकार आहे.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं नातू बॅट घेऊन आला. "आजोबा, खालीं मॅच आहे. अंपायर नाही. तुम्ही याल?"

मीं स्वयंपाकघरांतून सहा चिंचोके मागून घेतले आणि त्याच्याबरोबर खालीं उतरलों. जिन्यांत मीं त्याला सांगितलें, "हें बघ, तूं खेळायला आलास कीं मी बाजूला जाऊन उभा राहीन. तेव्हां दुसऱ्या कोणाच्या तरी आजोबांना पंच करा."

"कां? मी खेळतांना तुम्ही मला आउट देणार नाही म्हणून?"

"नाही रे," मी म्हणालों, "देईन म्हणून."

त्याला तें मोठें चमत्कारिक वाटलें. घरीं परत आल्यावर त्यानें तें आपल्या बापाला सांगितलें. बापाला तें चमत्कारिक वाटलें नाहीं.